डॉक्टर जास्त, तरी आत्महत्याही जास्त?

प्रश्न: केरळात दवाखाने भरपूर, तरी बिहारपेक्षा आत्महत्या इतक्या जास्त कशा? मग मानसोपचाराचा उपयोग काय?

उत्तर: 2022 चे एनसीआरबीचे (देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) आकडे बघा, लाख लोकांमागे आत्महत्या केरळ 28.5 आणि बिहार 0.6, पण हे पोलिसांच्या नोंदीवरून काढलेत, घरचे लाजेपोटी 'अपघात' सांगून मोकळे झाले की आकडा आपोआप कमी, त्यामुळे बिहार लय सुखी आहे असं काही समजू नका. अर्थात सगळा फरक नोंदीचा नाही, दारू, कर्ज, घरातली भांडणं हे आहेच. आणि डॉक्टर जिल्ह्याच्या गावी बसून काय उपयोग? विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्यांची चौकशी करतात ते मला जास्त पटतं, शेतकरी स्वतःहून सायकियाट्रिस्टकडे जातोय कुठला! घरात कुणी जीव द्यायचं बोलत असेल तर सरळ टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.