वाचक विचारतात : उनोवरचा कोड ईएसपी३२ वर

प्रश्न : आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर टाकीची पातळी आणि मातीचा ओलावा मोजणारा कोड नीट चालत होता. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या बोर्डावर तो विनातक्रार अपलोड होतो, पण बोर्ड सारखा रीस्टार्ट होतो. पातळी मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा ट्रिगर (ध्वनी सोडण्याचा इशारा घेणारी तार) पिन ६ वर, एको (प्रतिध्वनी कळवणारी तार) ७ वर आहे.

उत्तर : दोष त्या पिन क्रमांकांतच आहे. नेहमीच्या ईएसपी३२ मॉड्यूलवर जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) ६ ते ११ आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेले असतात; त्यांना हात लावला की बोर्ड कोसळणारच. ट्रिगर २५ वर, एको २६ वर घ्या.

एको थेट जोडू नका. एचसी-एसआर०४ तिथून ५ व्होल्ट देतो, ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची. एको आणि पिन यांच्यात १ किलोओहम, पिन आणि ग्राउंड यांच्यात २ किलोओहम रेझिस्टर लावा.

ओलाव्याचे आकडे चौपट दिसतील, कारण इथे वाचन ० ते ४०९५ असते, उनोवर ० ते १०२३. वाचन पुन्हा ० ते १०२३ व्हावे म्हणून सेटअपमध्ये analogReadResolution(10) लिहा. तरीही कोडमधली कोरडी-ओली ठरवणारी जुनी मर्यादा जशीच्या तशी वापरू नका. ईएसपी३२ च्या एडीसीचे (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) वाचन दोन्ही टोकांना सरळ रेषेत जात नाही. कोरड्या आणि ओल्या मातीत पुन्हा मोजा. ओलाव्याच्या सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या, आणि तो ३२ ते ३५ पैकी एका पिनवर ठेवा; त्या एडीसी१ च्या आहेत. वायफाय सुरू असताना दुसऱ्या एडीसीच्या, म्हणजे एडीसी२ च्या, पिन ॲनालॉग वाचनासाठी भरवशाच्या नाहीत.