वाचक विचारतात : एकपात्रीतून कादंबरीकडे

प्रश्न : अमळनेर तालुक्यात दहा वर्षं अहिराणीत विनोदी एकपात्री करतो. त्यातल्याच माणसांवर कादंबरी लिहायला घेतली, ती 40 पानांवर अडली. तुमच्या तोंडून ऐकताना हसू येतं, वाचताना येत नाही, असं मित्र म्हणतात. पुढे लेखनाचे वर्गही घ्यायचे आहेत. काय करू?

उत्तर : आधी हिशेब पाहा. मिनिटाला साधारण 120 शब्द धरले, तर हशा-टाळ्या वजा जाता तासाभराच्या प्रयोगात 6,000 शब्द जेमतेम भरतात. कादंबरीला 50,000 तरी हवेत. 40 पानांत तुमचा प्रयोग उतरवून संपला, म्हणून गाडी अडली.

खरी अडचण हशाची आहे. स्टेजवर हशा आला की प्रसंग मिटतो. मिटलेल्या प्रसंगानंतर वाचक पान उलटत नाही. समजा, एक म्हातारा प्रत्येक प्रश्नाला ‘माले काय म्हाईत?’ म्हणतो. तुम्ही ‘माऽले’ लांबवता, मान फिरवता, मांडव हसतो. कागदावर तिसऱ्या खेपेला त्याचा कंटाळा येतो. आता धाकट्या भावाने तापीकाठचा मळा परस्पर विकलाय, म्हाताऱ्याला ते ठाऊक आहे, आणि भावजयीने विचारल्यावर तो तेच उत्तर देतो. वाचक हसेल आणि पुढे वाचेल, कारण तिला कधीतरी कळणारच.

प्रयोग रेकॉर्ड करून शब्दन्‌शब्द उतरवा. नुसत्या चेहऱ्यावर, आवाजावर हशा आलेली वाक्यं लाल पेनाने खोडा. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपात 1958 साली आली, प्रयोगरूपात 1961 साली. दोन्ही शेजारी ठेवून काय गाळलं, काय वाढवलं ते पाहा.

अहिराणी फक्त संवादांत की निवेदनातही, हे आधीच ठरवा. ‘शे’, ‘ऱ्हायना’ अशी क्रियापदं शेवटपर्यंत एकाच पद्धतीने लिहा. यावल-रावेरकडची लेवा बोली त्यात मिसळू नका, वाचक लगेच ओळखतो.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची जत्रा भरली की वैशाखापर्यंत तुम्हाला प्रयोगांतून सवड नसणार. पावसाळा धरा: 13 आठवडे, आठवड्याचे 6 दिवस, रोज 500 शब्द, म्हणजे 39,000. पहिल्या खर्ड्याला पुरे, उरलेले शब्द दुसऱ्या खर्ड्यात.

वर्ग खर्डा पुरा झाल्यावरच. आठ जण, दोन तास, एका बैठकीला दोघांचीच पानं, तीही तीन दिवस आधी सर्वांना वाटलेली. चर्चेत लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. आणि तुम्ही जपायचं: विद्यार्थ्याच्या वाक्यावर कोटी केलीत तर वर्ग हसेल, पण ते पोर पुढच्या खेपेला वही आणणार नाही.