अमेरिकेत म्यूल डिअरच्या (मोठ्या कानांचं हरीण) शिकारीसाठी रँच ठरवताय?

रँचला पैसे भरले म्हणजे परवाना हातात आला, असं समजू नका. कोलोराडोत म्यूल डिअरचे परवाने सोडतीने मिळतात. खासगी रँचवर जमीनमालकाच्या कोट्यातलं व्हाउचर (ज्यावर परवाना घेता येतो) मिळू शकतं, पण ते सांगितलेल्या रकमेत धरलंय की वेगळं, हे आगाऊ पैसे देण्याआधी लेखी घ्या. जखमी नर सापडला नाही तर शिकार संपली असं धरतात का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी धरतात, आणि ते योग्यच आहे.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगणंही बेकायदा ठरू शकतं. त्यामुळे आधी हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स, मग परवाना, बंदुकीची खरेदी सगळ्यात शेवटी.

नर जोखायला कान बघा. सावध उभ्या नराच्या कानांचा पसारा साधारण वीस-बावीस इंच असतो. शिंगं त्याच्या बरीच बाहेर गेली तर दुर्बीण खाली ठेवू नका. पण नुसत्या रुंदीला भुलू नका. दोन्ही बाजूंचे फाटे किती खोल आहेत आणि शिंगं किती जाड आहेत, यावर बरंच ठरतं. बून अँड क्रॉकेट या शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या क्लबच्या कायम नोंदवहीला नियमित (दोन्ही बाजूंना नेहमीच्या ठेवणीच्या) शिंगांसाठी मोजमापाचे १९० गुण लागतात. पहिल्याच वर्षी त्याचा हट्ट नको. गाइड 'थांबा' म्हणाला की थांबायचं.

सराव बाकावरून नको, बसून आणि शूटिंग स्टिक्सवर (बंदूक टेकवायच्या काठ्यांवर) करा. मांस तिथेच टाकून येणं कायद्यात बसत नाही, तेव्हा मांस ठेवायची बर्फाची पेटी मोठीच न्या.