वकीलपत्रावर तुमचं नाव आहे का, ते आधी बघा

ताई, लग्नानंतर जळगावहून संभाजीनगरला आलात, घरात कुणी वकील नाही, एका नावाजलेल्या ऑफिसात "वर्षभर फक्त बघा, शिका" असं सांगून बसवलंय आणि टायपिंग, नकलांचे अर्ज यापलीकडे हाती काही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना कसंतरीच झालं. मी वाशिमहून इथं आले तेव्हा माझंही असंच चाललं होतं. सनद (वकिलीचा परवाना), एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा) वगैरेंवर बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मला एवढंच विचारायचंय की ऑफिसातून दाखल होणाऱ्या वकीलपत्रांवर, म्हणजे पक्षकार ज्या कागदानं वकील नेमतो त्यावर, सिनिअरांच्या नावाखाली तुमचं नाव आणि सही असते का? नसेल तर याच आठवड्यात बोला. पगाराचं नंतर बघता येईल.

माझ्या पहिल्या ऑफिसचं नाव घेत नाही. काम चिक्कार होतं, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं आणि मोटार अपघाताचे क्लेम. दाव्याचा मसुदा मी करायचे, सरतपासाची (आपल्याच साक्षीदाराच्या जबानीची) शपथपत्रं मी तयार करायचे, पुकारा झाला की मुदतीचा अर्ज घेऊन मीच उभी राहायचे. वकीलपत्रावर मात्र एकट्या सिनिअरांचं नाव. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत, "वादीचे वकील हजर", बस. पुढे मला न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता, त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला लागत होता. आधी उत्तर मिळालं "पुढच्या आठवड्यात", मग "साहेब आज हायकोर्टाच्या खंडपीठात आहेत", आणि शेवटी क्लार्ककडून निरोप आला, "तुम्ही शिकायला येत होतात, प्रॅक्टिस कुठं केलीत?" तोवर अर्जाची मुदत संपली. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावानं प्रकरणं शोधता येतात. माझं नाव टाकलं, एकही प्रकरण निघालं नाही. मी लिहिलेल्या दाव्यांचे निकाल तिथं दिसत होते, माझं नाव कुठंच नव्हतं. याची चीड मला आजही येते. इथल्या एखाद्या मुलीबाबत असं झालं असतं तर तिच्या काकानं नाहीतर मामानं बार रूममध्ये दोन शब्द सुनावले असते. बाहेरून आलेल्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं, हे अशा ऑफिसांना पक्कं माहीत असतं.

आता तर हे जास्तच महत्त्वाचं झालंय. 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली सगळ्यांनाच सक्तीची केली. ती बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची. दाखला तिथल्या प्रमुख न्यायाधीशांचा, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर प्रमुख न्यायाधीशांचा शेरा. नियम पुढेमागे बदलतात, म्हणून जाहिरात निघेल तेव्हा ती नीट वाचा, माझ्या शब्दावर विसंबू नका. परीक्षा द्यायची नसली तरी गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर जायला साधारण तीन वर्षांचा अनुभव बघतात, म्हणजे कागद तिथंही लागतोच.

ओळख नसलेल्यांना एक दार सहसा कुणी दाखवत नाही. त्याच प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात (फौजदारी खटल्यात आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) सहाय्यकाच्या जागा असतात आणि त्या तीन वर्षांपर्यंतच्या नव्या वकिलांसाठीच आहेत. खाजगी केसेस घेता येत नाहीत, पण आरोपीच्या बाजूनं स्वतःच्या नावानं उभं राहायला मिळतं. जिल्हा न्यायालयाच्या नोटीस बोर्डावर लक्ष ठेवा.

दुसरं म्हणजे, आल्याआल्या खंडपीठाच्या मागे लागू नका. हे माझं मत आहे, पुष्कळांना पटत नाही. खंडपीठ आहे त्या जालना रोडवर रुबाब आहे, रिट याचिकांचं काम शिकायला मिळतं, सगळं खरं. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना उलटतपास कसा घ्यायचा, हे अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयातच कळतं, आणि वैजापूर, पैठण, कन्नडच्या कोर्टात त्याहून लवकर. तालुक्यात "कोणत्या गावच्या, कुणाच्या?" हे विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन-चार तारखांना वेळेवर दिसलात की विचारणं थांबतं.

दिवाणी काम करणार असाल तर इथली जमीन वेगळी समजून घ्यावी लागेल. जळगावकडे जो कूळ कायदा वाचला, तो इथं चालत नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथं हैदराबादचा 1950 चा कूळ कायदा लागतो. खासरा पाहणी पत्रक, सेतवार हे जुन्या जमीन नोंदींचे शब्द पहिल्याच दाव्यात येतील. जुने कागद उर्दूत निघतात. कोर्टात चालेल असं भाषांतर करून देणारा जाणकार आधीच शोधून ठेवा, पक्षकार समोर बसल्यावर धावपळ नको.

पैशांचं म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरांना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या बघण्यात इतकं देणारी ऑफिसं फार कमी आहेत. तरी तो आकडा बोलताना जरूर काढा.

आणि आजपासून स्वतःची डायरी वेगळी ठेवा. तारीख, केस नंबर, कोर्ट, काय केलं. रोजनाम्यात हजेरी लिहिताना कोर्टातल्या कारकुनांना नाव लिहायची विनंती करा, बहुतेक जण लिहितात. सिनिअर नाव घालायला नाही म्हणाले तर ऑफिस बदला, आणि बदलायचंच ठरलं तर इथं लिहा. अदालत रोडवर ज्युनिअरचं नाव वकीलपत्रावर घालणारे दोघं-तिघं मला माहीत आहेत, त्यांच्याशी बोलून बघते.