आजी नाम जपते आणि मला म्हणते ‘जपून जा’

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: “सासूबाई सध्या आमच्याकडे आल्या आहेत. रोज सकाळी माळ घेऊन बसतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, आजी काय करते? मी म्हटलं, नाम जपते. तासाभराने तो सायकल घेऊन निघाला, तर आजी म्हणाली, ‘जपून जा रे.’ तो दारातच थांबला आणि म्हणाला, ‘काय जपू? मला तर एकही मंत्र येत नाही!’ ही दोन जपणी एकच की वेगळी? आणि जप व ध्यान यांत फरक काय?”

आधी मुलाला शाबासकी द्या. हिंदी बोलणाऱ्या घरात हा प्रश्न निघालाच नसता. हिंदीत ‘जपना’ म्हणजे नाव किंवा मंत्र पुन्हा पुन्हा म्हणणं, बस्स. काचेचं भांडं, म्हाताऱ्याचं मन, जुनं नातं आणि ओल्या पायरीवरचा पाय हे सगळं एकाच क्रियापदाने सांभाळायची सोय मराठीत आहे.

दोन अर्थ वेगळे पडले आहेत हे ‘ला’ या एका प्रत्ययावरून कळतं. ‘आजी मंत्र जपते’ हे सरळ वाक्य झालं. आता ‘आजी मंत्राला जपते’ असं म्हणून बघा. लगेच वाटतं की मंत्र कुठेतरी कापसात गुंडाळून ठेवला आहे आणि आजी त्याला धक्का लागू देत नाही. उलट ‘तब्येतीला जप’, ‘जिवाला जप’, ‘अब्रूला जपणारा माणूस’ हे अगदी घरचं मराठी. निर्जीव कर्माला आपण सहसा ‘ला’ लावत नाही. ‘पुस्तकाला वाच’ कुणी म्हणत नाही. मग तब्येतीला ‘ला’ का? कारण इथे ती साधं कर्म नाही, लक्ष जिकडे लागलं आहे ती जागा आहे. ‘परीक्षेला घाबरतो’ मधला ‘ला’ आणि हा ‘ला’ सख्खे भाऊ. हल्ली ‘परंपरा जपणे’, ‘वारसा जपणे’ असं ‘ला’ गाळून सर्रास लिहितात. ते चूक नाही, पण मला स्वतःला त्यात जपण्यापेक्षा कपाटात ठेवून कुलूप लावणंच जास्त दिसतं. ‘जिवाला जप’ मध्ये जी काळजी आहे ती त्या ‘ला’ मुळेच आहे.

आता मुळाकडे. संस्कृत ‘जप्’ धातूचे धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, दोन अर्थ दिले आहेत: स्पष्ट बोलणे आणि मनातल्या मनात म्हणणे. पण वापरात या धातूचा जीव हळू आवाजात आहे, आणि तो आवाज दरवेळी देवाचाच असतो असं नाही. संस्कृतात ‘कर्णेजप’ असा एक झकास शब्द आहे. कर्णे जपतो तो कर्णेजप, म्हणजे कानाला लागणारा, चहाडखोर. खुद्द पाणिनीने या शब्दासाठी सूत्रात जागा दिली आहे, आणि त्याच सूत्रात शेजारी कोण, तर स्तंबेरम म्हणजे हत्ती! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘उपजाप’ येतो, तो शत्रूची माणसं गुपचूप फोडण्याचा उद्योग. थोडक्यात, कुजबुज हा मूळ गाभा. ती देवाशी केली की जप, राजाच्या कानाशी केली की चहाडी.

मंत्रजपाच्या शास्त्राने या हळू आवाजाची चक्क किंमत ठरवून दिली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की विधियज्ञापेक्षा, म्हणजे विधिपूर्वक केलेल्या यज्ञापेक्षा, जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, उपांशु जप शंभरपट आणि मानस जप हजारपट. वाचिक म्हणजे ऐकू येणारा. उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारी बसलेल्यालाही शब्द कळत नाहीत. मानस म्हणजे ओठही मिटलेले. आवाज जसजसा आत जातो तसतसा भाव चढत जातो. याच्याही पलीकडे योगमार्गात ‘अजपा’ आहे, म्हणजे न जपता होणारा जप. श्वास आत-बाहेर होताना ‘सोऽहं’ आपोआप चालू असतं, दिवसरात्रीत 21,600 वेळा, असं मानतात. हा आकडा मिनिटाला 15 श्वास धरून येतो. पाहिजे तर गुणून बघा.

आवाज गेला, शब्दही जवळजवळ गेला, मग माळ घेऊन बसलेल्या माणसाच्या हातात काय उरतं? फक्त लक्ष. आमची आजी गोमुखीत, म्हणजे माळ झाकायच्या कापडी पिशवीत, हात घालून बसायची. मणी मधल्या बोटावर, ओढायचा अंगठ्याने, तर्जनी बाजूला. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. माळ 108 मण्यांची, पण तिच्या हिशेबात ती शंभराचीच; वरचे आठ भूलचुकीचे. लक्ष सुटणारच, हे त्या हिशेबात आधीच धरलेलं होतं. जप चालू असताना बोलायचं नाही हा तिचा नेम. मात्र स्वयंपाकघरात दूध वर येऊ लागलं की मिटल्या डोळ्यांनी ‘हूं! हूं!’ करून ती दुसऱ्या हाताने चुलीकडे बोट दाखवायची. दुधाला ती तेव्हाही जपत होती, नाम जपता जपता.

मराठीतला दुसरा अर्थ या लक्षातूनच फुटला असावा, असं माझं मत आहे. एखादं नाव सतत तोंडात ठेवायचं म्हणजे मन तिथून हलू द्यायचं नाही. आणि मन हलू न देणं म्हणजेच सांभाळणं, राखणं, सावध राहणं. जुन्या मराठीतला एक वापर या मताला टेकू देतो. ‘संधीला जपून बसणे’ म्हणजे टपून बसणे. इथे ना देव आहे ना काळजी, आहे ती नुसती एकाग्र नजर. पाण्यात एका पायावर उभा राहिलेला बगळा आठवा. त्याला आपण ‘बकध्यान’ म्हणून नावं ठेवतो, पण तो बिचारा माशाला जपून उभा असतो. त्याची एकाग्रता अस्सल आहे, देव तेवढा वेगळा.

या निमित्ताने एक इशारा. ‘ज म्हणजे जन्माचा विच्छेद, प म्हणजे पापाचा नाश, म्हणून जप’ अशी फोड कीर्तनात ऐकायला मिळते. ‘मननाने तारतो तो मंत्र’ ही तिचीच बहीण. उपासनेला बळ द्यायला त्या छान आहेत, पण व्युत्पत्ती म्हणून घेऊ नका. ‘मंत्र’ मधला ‘त्र’ साधन दाखवणारा प्रत्यय आहे, वस्त्र आणि शस्त्र यांतला. मन् धातूचं साधन तो मंत्र, इतकं साधं आहे ते.

राहिला जप आणि ध्यान यांतला फरक. त्यासाठी ग्रंथ उघडायची गरज नाही, सासूबाईंना रामरक्षा म्हणायला सांगा. सुरुवातीला ऋषी, देवता, छंद सांगून झाले की ‘जपे विनियोगः’, म्हणजे ‘जपासाठी याचा उपयोग’, येतं आणि लगेच ‘अथ ध्यानम्’. पुढे काय येतं? गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, धनुष्यबाण, पिवळं वस्त्र, डाव्या मांडीवर सीता. म्हणजे इथे ध्यान हे डोळ्यांपुढे आणायचं रूप आहे, आणि जप ही तोंडाने किंवा मनाने करायची आवृत्ती. योगसूत्रांनीही ओंकाराबद्दल सांगताना दोन्ही शेजारी ठेवली आहेत: त्याचा जप करावा आणि त्याच्या अर्थाची भावना करावी. नुसती माळ फिरली तर काम अर्धंच. त्यामुळे ‘मंत्रध्यान’ हा हल्लीचा जोडशब्द मला खटकत नाही. खटकतं ते डोळे मिटून गप्प बसण्यालाच ध्यान समजणं.

रूप या अर्थाचं हे ध्यान मराठीने मग देवघरातून ओढून ओसरीवर आणलं. मुलगा सायकलवरून चिखलात पडून घरी आला, की आजी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणणार, “काय हे ध्यान!” तेव्हा तो तुम्हाला पुढचा प्रश्न विचारेलच. उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे.