रूळ उठले तरी पट्टा तुटू नये

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. गेल्या वर्षी तो बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून सायकलने थेट वॉशिंग्टनपर्यंत गेला. इतकी लांब, सलग वाट तयार होते तरी कशी? आमच्या गावावरून जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आगगाडीही बंद आहे, तिच्या मार्गावर असे काही करता येईल का? येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे जाणार आहोत. साठी उलटलेल्यांना या वाटेचा थोडा भाग तरी झेपेल का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा प्रवास दोन वाटा मिळून झाला आहे. पिट्सबर्ग ते कंबरलँड ही सुमारे २४० किलोमीटरची ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ जुन्या रेल्वेमार्गांवर आहे. तिथून वॉशिंग्टनपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटर एका जुन्या कालव्याच्या काठाने जातात, जिथे पूर्वी खेचरे दोराने नावा ओढत चालत असत.

डोंगराळ मुलखात सायकलस्वाराला रेल्वेमार्गासारखी सोयीची वाट क्वचितच मिळते, कारण इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही म्हणून अभियंत्यांनी डोंगर फोडून, दऱ्यांत भराव घालून आणि पूल बांधून तो चढ आधीच सौम्य करून ठेवलेला असतो. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, तो चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. याउलट पिट्सबर्गकडून निघालेली ही वाट सुमारे २०० किलोमीटरांत जेमतेम ५०० मीटर चढते, आणि माथ्यावरून कंबरलँडकडचा उतारही सरासरी ७० मीटरला १ मीटर इतकाच पडतो. रूळ व स्लीपर उचलल्यावर खडी सपाट करून तिच्यावर चुनखडीचा बारीक चुरा पसरतात आणि रोलर फिरवून तो घट्ट बसवतात. मोऱ्या मोकळ्या करतात, पुलांना कठडे बसवतात.

खरी कसोटी बोगद्यांची असते. छतातून झिरपणारे पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि अस्तर फोडते. विस्कॉन्सिन राज्यात १८७३ सालचे तीन बोगदे असलेल्या मार्गावर १९६७ मध्ये अशी वाट खुली झाली, ती या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या वाटांपैकी एक. तिथल्या सर्वांत लांब, एक किलोमीटरहून मोठ्या बोगद्याच्या तोंडाशी लाकडी दरवाजे आहेत. गाड्या चालू असताना हिवाळ्यात एक पहारेकरी प्रत्येक गाडीसाठी ते उघडून पुन्हा लावून घेत असे. आज तिथे सायकलवरून उतरून, हातात विजेरी धरून, अंगावर थेंब झेलत चालत जावे लागते.

परंतु या सर्वांहून अवघड काम जमिनीचे. ॲलेगेनीच्या वाटेतील पूर्वेकडच्या मार्गावरची गाडी १९७५ मध्ये थांबली, वाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइलला १९८६ मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गलगतचा शेवटचा तुकडा २०१३ मध्ये जोडला गेला. म्हणजे तुकडे सांधण्यातच २७ वर्षे गेली. अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून केवळ वापराचा हक्क असतो. वापर संपला की जमीन शेजारच्या मालकांकडे जाते आणि पट्टा कायमचा तुटतो. म्हणून अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात एक तरतूद केली : कंपनीने मार्ग एखाद्या संस्थेकडे वाटेसाठी सोपवावा, संस्थेने देखभाल, कर व जबाबदारी घ्यावी, आणि पुढे गाडीची गरज भासल्यास मार्ग पुन्हा रेल्वेकडे जाऊ शकावा. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

मला ‘शकुंतले’च्या संदर्भात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या टापूतल्या लोकांना गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवे आहे, आणि ही मागणी रास्त आहे. तिच्याऐवजी सायकलची वाट घ्या, असे मी सुचवणार नाही. मात्र गाडी येईपर्यंत हा पट्टा अतिक्रमणाने किंवा तुकड्यातुकड्याने विकला जाऊन तुटता कामा नये. रोज पायी व सायकलने वापरात असलेल्या वाटेवर कुंपण सरकवणे सोपे नसते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना राज्यमार्गावरच्या ट्रकांपासून दूर, पुलांसकट तयार रस्ता मिळतो. अर्थात तो निर्णय रेल्वे व राज्य शासनाने मिळून, मार्ग परत घेण्याची अट लेखी नोंदवूनच घ्यायला हवा.

आता आपल्या प्रवासाविषयी. माथ्याजवळचा सुमारे एक किलोमीटरचा ‘बिग सॅव्हेज’ बोगदा हिवाळ्यात दरवाजे लावून बंद ठेवतात. उन्हाळ्यात ती अडचण नाही. आपण दोघांनी फ्रॉस्टबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २५ किलोमीटरचा टप्पा निवडावा. कंबरलँडहून फ्रॉस्टबर्गला पर्यटकांची जुनी आगगाडी जाते आणि ती सायकलीही नेते. गाडीचे दिवस मुलाला आधी विचारून ठेवायला सांगा. चढ गाडीने चढून जावा आणि सायकलने उतरत यावे, पायडल फारसे मारावे लागणार नाही. ‘ब्रश’ नावाच्या छोट्या बोगद्यात रूळ आणि वाट शेजारी शेजारी आहेत. तिथे गाडीची शिटी ऐकू आली तर ती आत शिरून बाहेर पडेपर्यंत तोंडाशीच थांबा.