रंगाचं पाणी, नॅनोचा प्रोजेक्ट आणि पुढची नोकरी

स.न.वि.वि.

तुमची मुलगी चिपळूणला केमिस्ट्री घेऊन टीवायबीएस्सीला आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनोपावडर टाकून रंगीत पाणी उन्हात साफ करायचं, असा तिचा प्रोजेक्ट आहे आणि पुढे ‘नॅनो’तच एमएस्सी करायचं ती म्हणतेय. लोटे, महाडच्या केमिकल कंपन्या जवळच आहेत, तर नोकरी लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

प्रोजेक्ट जरूर करू द्या, पण डिग्रीच्या नावाला भुलू नका. कारखान्यांच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) आज चालतं ते गाळ बसवणं, जिवाणूंची टाकी, रंग शोषणारा कार्बन, फार तर फेंटन (लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) किंवा ओझोन. ही पावडर तिथे क्वचितच दिसते, कारण गडद पाण्यात ऊन खोल शिरत नाही आणि इतके बारीक कण नंतर पाण्यातून काढणं जिकिरीचं. कंपनी विचारते ते एवढंच, की पोरीला नीट मोजता येतं का. ते शिकायला हा प्रोजेक्ट उत्तम.

आता तिच्यासाठी. प्रयोगासाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग सगळेच 10 पीपीएम घेतात. मग 664 नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स (रंग किती प्रकाश शोषतो त्याचं माप) दोनच्या आसपास जातो आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे मापावरून रंगाचं प्रमाण काढायची, रेघ वाकते. 5 पीपीएम घे, म्हणजे लिटरला 5 मिलिग्रॅम. 200 मिलि द्रावणात 100 मिलिग्रॅम पावडर टाकून आधी अर्धा तास अंधारात ढवळ. पावडर थोडा रंग नुसताच चिकटवून घेते, तो उन्हाच्या खात्यावर जाता कामा नये. मग उन्हात ठेवून दर 15 मिनिटांनी 5 मिलि काढ आणि सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून पावडर खाली बसव. वरचं पाणी जराही दुधी राहिलं, तर रीडिंग फुगतं. शेजारी बिनपावडरीचं एक बीकर उन्हात हवंच, कारण मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हातही विटतो. दीड तासात पाणी आटतं. दर वेळी 5 मिलि काढल्यावर बीकरवर नवी खूण कर आणि पुढच्या वेळी काढण्याआधी त्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भर.

टायटॅनियाला (म्हणजे याच टायटॅनियम डायऑक्साइडला) 387 नॅनोमीटरखालचा अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के असतो. त्यामुळे पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीनंतर, अकरा ते दोनच्या उन्हात करावं.

आणखी एक सुचवतो: हाच प्रयोग खाडीच्या पाण्यात कर. समुद्राच्या पाण्यात लिटरला 19 ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. उन्हात पावडरीवर हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि तेच रंग तोडतात; क्लोराइड आणि बायकार्बोनेट ते आधीच खाऊन टाकतात, शिवाय मिठामुळे कणांचे गोळे होऊन ते तळाशी बसतात. वेग पडलेला दिसेल. व्हायव्हात ‘का पडला?’ असं विचारलं तर सांगायला काही तरी असेल. आणि रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस. रेणूचे तुकडे पाण्यात उरू शकतात, म्हणून जमलं तर सीओडी (पाण्यात उरलेले सेंद्रिय पदार्थ मोजायची चाचणी) करून घे.

पुढचं तुमच्यासाठी. एमएस्सी ॲनालिटिकल किंवा ऑर्गॅनिकमध्ये करू द्या. एचपीएलसी, जीसी ही मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं हाताळता आली की औषध कंपन्यांचं क्यूसी (गुणवत्ता तपासणी), पाणी तपासणीच्या लॅब, ईटीपी अशा तिन्ही वाटा खुल्या राहतात. संशोधनाचीच ओढ असेल तर आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज मात्र आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता निघतात. नंतर पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी नेट-जेआरएफ. नॅनोमटेरिअल पीएचडीत घेता येतंच. प्रवेशाआधी त्या कॉलेजात एकदा जाऊन एवढं बघून या, की एचपीएलसी विद्यार्थ्यांच्या हाती देतात की काचेआड ठेवतात.